ड्यून: जग जबरदस्त, पण भाषा दमवते का? (स्पॉयलर आहेत)

वाळूतला_मुंगळा:
फ्रँक हर्बर्टची विज्ञान-कादंबरी ड्यून, ती आधी दोनदा शंभरेक पानांवर सोडली होती. यावेळी नेटाने पूर्ण केली आणि आता आवडली की नाही तेच कळेना. ते अराकिस ग्रहावरचं वाळवंट, थेंबन्‌थेंब पाणी मोजणारी माणसं, डोक्यातून जातच नाहीये. पण भाषेनं घाम काढला राव. जो तो मनातल्या मनात काहीतरी ताडतोय आणि ते सगळं तिरक्या अक्षरात छापलंय. वर अनोळखी शब्दांचा मारा, सारखं मागच्या शब्दसूचीत जा. १९६५ चं पुस्तक म्हणून सूट द्यायची का?

पानगळ:
शब्दसूची उघडूच नकोस, मी पहिल्यांदा तीच चूक केली होती. अर्ध्या गोष्टी प्रसंगातूनच कळतात. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या स्टिलगार, ग्रहाचा कारभार घ्यायला आलेल्या ड्यूकसमोर टेबलावर थुंकतो तो सीन आठव. ड्यूकची माणसं भडकतात, आणि त्यांच्यातलाच डंकन आयडाहो उलट त्याचे आभार मानतो, कारण जिथे पाणी नाही तिथे अंगातला ओलावा देणं म्हणजे मान देणं. एका थुंकीत अख्खी संस्कृती सांगितली की! पुढे जामिस नावाचा फ्रेमेन मेल्यावर ड्यूकचा मुलगा पॉल रडतो तेव्हा फ्रेमेन लोकं चकित होतात, मेलेल्याला पाणी देतोय म्हणून. तिथे मी पुस्तक बाजूला ठेवून पाचेक मिनिटं नुसती बसले होते.

शंकासुर:
संस्कृती मान्य. विज्ञानाचं काय? झाडं जवळपास नाहीत तर श्वास घ्यायला ऑक्सिजन कुठून? परिशिष्टात उत्तर आहे, वाळूतले महाकाय किडे सोडतात म्हणे. बरं, ते किडे खातात काय? वाळूतले सूक्ष्मजीव. ते जगतात कशावर, तर मसाला नावाच्या तिथल्या मौल्यवान पदार्थाच्या कणांवर, आणि मसाला तयार होतो त्याच किड्यांच्या पिल्लावळीपासून. म्हणजे साप स्वतःचं शेपूट गिळून पोट भरतोय. बाहेरून ऊर्जा येते कुठून ते काही पटत नाही.

अंगाभोवतीच्या ऊर्जेच्या ढालींचा नियम मात्र मस्त बसवलाय. वेगाने आलेली गोळी अडते, हळू सरकवलेलं पातं आत जातं, लेझर ढालीवर पडला तर दोन्हीकडचे उडतात. म्हणून अंतराळयुगात चाकू-सुऱ्या, आणि ते हास्यास्पद वाटत नाही!!

रात्रपाळी:
मुंगळा, तू ज्याला दोष म्हणतोयस ना, सगळ्यांच्या मनातलं आपल्याला कळणं, मला तर त्यातच मजा वाटते. ड्यूकच्या घरचा डॉक्टर युए दगा देणार हे दुसऱ्याच प्रकरणात, ड्यूकचा शत्रू असलेल्या बॅरनच्या बैठकीत कळतं. दुसरा कोणी असता तर हे शेवटपर्यंत लपवलं असतं. इथे आपल्याला माहीत आहे आणि घरातल्यांना नाही, त्यामुळे युए नुसता खोलीत आला तरी जीव खालीवर होतो. प्रकरणांच्या सुरुवातीचे राजकन्या इरुलानचे उतारे पण तसेच, पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकतात.

वाळूतला_मुंगळा:
युएचं पटलं. पण रात्रीच्या जेवणाच्या त्या प्रसंगात एकाच टेबलाभोवती हा याच्या डोक्यात, ती तिच्या डोक्यात, मध्येच पॉलची आई जेसिका, मध्येच पॉल, मला दोनदा मागे जावं लागलं की आत्ता विचार नेमका कोण करतंय.

रात्रपाळी:
हो, तिथे गडबड आहे खरी. 😅 सगळे एकाच सुरात विचार करतात, सगळेच अतिहुशार. संवादही कधीकधी भाषणासारखे.

पानगळ:
माझी खरी तक्रार तिसऱ्या भागाबद्दल. पहिल्या भागात एकेका बैठकीला पानंच्या पानं, आणि मग अचानक दोन वर्षं उडी, पॉलचं बाळ मारलं जातं ते ओळी-दोन ओळीत. आई म्हणून चानीला काय वाटलं असेल? तिच्या डोक्यात डोकावायला मात्र लेखकाला सवड नाही.

शंकासुर:
आणि किड्यांच्या पोटासाठी परिशिष्ट लिहायला आहे.