मदत हवी आहे: माथेरानची वस्ती का घटली?

नमस्कार मंडळी, लेकीच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी माथेरान घेतलंय. कर्जत तालुक्यातलं, सुमारे ८०० मीटर उंचीवरचं, स्वतःची नगरपरिषद असलेलं इवलंसं गाव. २००१ च्या जनगणनेत ५,१३९ माणसं, २०११ मध्ये ४,३९३. आकडे बघून पोर हिरमुसलीच.

मागच्या महिन्यात दस्तुरी नाक्यापासून चालत गेलो. गाड्या तिथेच थांबतात. पुढे एक घोडा पाठीवर दोन गॅस सिलिंडर घेऊन लाल मातीतून चढत होता. रोजचा संसार असा वर न्यायचा म्हणजे किती कष्ट!

माथेरान सोडून नेरळ-कर्जतला राहायला आलेलं कुणी इथे आहे का? कशामुळे उतरलात, पाणी, मुलांचं शिक्षण की कामधंदा? आणि १९९१ च्या आधीचे जनगणनेचे आकडे कुठे मिळतील? कृपया सांगा, पोर वाट बघतेय.