जानेवारीत अप्पांना घेऊन यलोनाइफला जायचंय, थंडीसाठी काय तयारी करू?

माळरान:
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण कॅनडात यलोनाइफला असते. जानेवारीत मी आणि अप्पा तिच्याकडे जाणार आहोत. अप्पांचं वय ७१, दमा आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आम्ही दोघांनीही बर्फ कधी पाहिलेला नाही, आणि बहीण म्हणते तिथे उणे ३० म्हणजे रोजचंच. अप्पांना ध्रुवीय प्रकाश, म्हणजे रात्री आकाशात दिसणारे रंगीत झगमगते पट्टे, बघायचाय, तोही खिडकीतून नाही, गोठलेल्या ग्रेट स्लेव्ह तलावाच्या काठावर उभं राहून. किती वर्षं बोलतायत! त्यांची ही इच्छा मला पुरी करायचीच आहे. सगळ्यात जाड असं एकच जॅकेट घेतलं तर पुरेल का? आणि दम्याच्या माणसाला बाहेर किती वेळ नेता येईल?

हिमवाट:
ताई, मी त्याच भागात राहतो. एकाच जाड जॅकेटवर विसंबू नका, थर घाला. अंगालगत मेरिनो लोकरीचे कपडे, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कापडाचं जॅकेट), वर वारा अडवणारा मांड्यांपर्यंतचा पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट. सुती बनियन आणि सुती मोजे मात्र अजिबात नकोत. सूत घाम धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून चालताना गरम व्हायला लागलं की लगेच चेन उघडायची, घाम येईपर्यंत थांबायचं नाही.

बूट थोडे सैल हवेत. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की रक्त नीट फिरत नाही, बोटं गारठतात. हातात मिटन घाला, त्यात चारही बोटं एकत्र राहतात.

किती वेळ बाहेर राहायचं ते नुसत्या पाऱ्यावरून ठरवू नका, वारा धरून येणारा विंड चिलचा आकडा बघा. तो उणे २८ ते ३९ असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० ते ४७ असेल तर ५ ते १० मिनिटांतच.

निशिगंध:
मी डॉक्टर आहे, म्हणून अप्पांपुरतं लिहिते. थंड, कोरडी हवा थेट आत गेली की दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आकसतात. नाक-तोंड मफलरने झाका, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार आणि दमट होते. इनहेलर आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. गार पडला तर फवारा नीट येत नाही. थंडीत रक्तदाबही चढतो, त्यामुळे बर्फ उपसायला त्यांना हात लावू देऊ नका. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवाच.

नाक, कान किंवा बोट पांढरं, मेणासारखं, बधिर झालं तर चोळू नका. आत न्या आणि कोमट पाण्यात धरा. बधिर कातडीला चटका कळत नाही, म्हणून शेकोटी किंवा हीटरजवळ नको.

तारांगण:
फोटो काढणार असाल तर जादा बॅटरी अंगाजवळ ठेवा, थंडीत ती भराभर उतरते. घरात शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि पूर्ण गरम झाल्यावरच काढा, नाहीतर आत दव धरतं.

माळरान:
सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी काठाजवळ लावायची, अप्पांना आत बसवायचं आणि प्रकाश दिसला की तेवढ्यापुरतं बाहेर आणायचं, हे जमेल का?

हिमवाट:
अगदी असंच करा. फक्त इंजिन चालू ठेवून थांबणार असाल तर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना, ते उतरून बघत राहा. विषारी धूर आत येऊ शकतो. गाडीत अप्पांचा पार्का उघडा ठेवा, बाहेर पडतानाच चेन लावा. आणि पोचल्याच्या रात्री नेऊ नका. प्रवासाचा शीण जाऊ दे, मग आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल अशी रात्र निवडा.

माळरान:
ठीक. उद्या अप्पांना डॉक्टरांकडे नेते. बुटांचं माप बहिणीला आजच कळवते, ते तिथेच घेऊ.