मदत हवी आहे : परतल्यावर पुणे की कोल्हापूर?

नमस्कार. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे चौदा वर्षे राहिल्यानंतर पुढील उन्हाळ्यात आम्ही कायमचे महाराष्ट्रात परतणार आहोत. मात्र घर कोठे करावे, याचा निर्णय होत नाही. माझ्या यजमानांचे काम घरून चालणारे असले, तरी त्यांना कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात महिन्यातून दोनदा जावे लागेल. माझी आई रत्नागिरीत एकटी असते आणि ते घर सोडायला ती तयार नाही. (तो विषय आम्ही आता काढतही नाही.) पुण्याहून तिच्याकडे पोहोचायला सहा-सात तास मोडतात, तर कोल्हापूरहून आंबा घाटाने अंतर साधारण १३० किलोमीटर आहे, म्हणून माझे मन कोल्हापूरकडे ओढते. परंतु २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुराने तेथील सखल वस्त्यांची जी दशा केली, ती पाहता कोणत्या भागात घर घेणे सुरक्षित ठरेल, हे तेथे राहणाऱ्यांकडूनच समजून घ्यावेसे वाटते.

खरी काळजी मुलीची आहे. ती सातवीत आहे, मराठी उत्तम बोलते, पण देवनागरी अडखळत वाचते. आणि २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सीबीएसई शाळांतही मराठी सक्तीची आहे. परदेशातून मधल्या इयत्तेत आलेल्या मुलांना कोल्हापुरातील शाळांनी कसे सामावून घेतले? शिवाय पावसाळ्यात आंबा घाट कितपत भरवशाचा असतो? ज्यांनी पुणे टाळून लहान शहर निवडले, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.