री: री: मॅजिक माउंटनची पिकनिक – त्या गोल फिरणाऱ्या सीटचं काय?

मुग्धा, अर्वाइन:

मंडळी नमस्कार,
मॅजिक माउंटन पार्कच्या पिकनिकचा मेल आला आणि घरात नुसता धुमाकूळ चाललाय. धाकट्याने यूट्यूबवर तिथल्या एक्स-टू ह्या रोलरकोस्टरचा व्हिडिओ शोधून काढला आणि कालपासून एकच घोषा, आई आपण ह्यातच बसायचं. मी बघितला आणि माझे हातपायच गार पडले. गाडी रुळावरून सुसाट खाली येते ते एक वेळ समजू शकते, पण इथे सीटच कोलांट्या मारतायत, माणूस तोंडघशी खाली! ती मध्येच गरगर फिरायला लागली आणि थांबलीच नाही तर? उंचीचं कारण सांगावं तर तो 48 इंचाच्या वर कधीच गेलाय. कोणी बसलंय का? खरं काय ते सांगा, "काही नाही होत गं" असं नकोय.

श्रीरंग, व्हॅलेन्सिया:

मुग्धा, तुझी शंका रास्त आहे, पण ती दुसऱ्या जातीच्या कोस्टरला लागू पडते. एक्स-टूची सीट स्वतःच्या मर्जीने जराही फिरत नाही. पिकनिकला आलीस की खाली उभी राहून रूळ नीट बघ, नेहमीसारखे दोन नाहीत, चार आहेत. दोन रुळांवर गाडीची चाकं धावतात, उरलेले दोन फक्त सीट फिरवण्यासाठी. हे दुसरे दोन पहिल्या दोघांच्या मानाने कुठे वर जातात कुठे खाली येतात, त्यांच्यामुळे गाडीतली एक दातेरी पट्टी वर-खाली सरकते, पट्टी गिअर फिरवते आणि गिअर सीट फिरवतो. रॅक अँड पिनियन, आपल्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये असतं तेच. म्हणजे कुठल्या वळणावर सीट किती फिरणार आणि कुठल्या बाजूला हे पोलाद वाकवलं तेव्हाच ठरून गेलंय, तू बस नाहीतर तुझा मुलगा बसू दे, सकाळी बसा नाहीतर रात्री, गिरकी तीच.

व्हिडिओत तुला घाबरवलं ते बहुधा पहिल्या उतारानेच. चढताना तुमची पाठ पुढे असते, त्यामुळे आपण किती वर आलो आणि पुढे काय वाढून ठेवलंय काही दिसत नाही, आणि माथ्यावर पोचलं की सीट अशी कलते की तुम्ही थेट जमिनीकडे बघत खाली जाता. उंची 175 फूट आणि उतार 215 फूट! हिशोब चुकल्यासारखा वाटतो पण पार्क डोंगराच्या उतारावर आहे ना, त्याचा फायदा घेतलाय. वेग ताशी 76 मैल.

आता विषय निघालाच आहे तर थोडं पाल्हाळ लावतो, नको असेल त्यांनी खालचा मेल वाचावा. ही राइड ज्या अॅरो कंपनीने केली तिची निम्मी कहाणी आपल्याच आसपास, दक्षिण कॅलिफोर्नियात घडलीय. अनाहाइमला डिस्नीलँडमध्ये मॅटरहॉर्न आहे ना, 1959 ची, नळीच्या पोलादी रुळांवरची पहिली कोस्टर, ती अॅरोची. ब्युएना पार्कला नॉट्सच्या पार्कात 1975 मध्ये कॉर्कस्क्रू आली, माणसाला उलटं करणाऱ्या आधुनिक कोस्टरची सुरुवात तिथून झाली, तीही अॅरोची, पुढे ती आयडाहोला गेली. आणि मग ही एक्स, 2002 ची, अॅलन शिल्के ह्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेली. जगात अशी पहिलीच, आणि पहिल्याची दुखणीही सगळी तिच्याच वाट्याला आली, सुरुवातीला ती वारंवार बंद असायची. इकडे राइड सुरू होतेय आणि तिकडे डिसेंबर 2001 मध्येच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलेला! 2008 मध्ये पार्कने नव्या हलक्या गाड्या आणल्या, ज्वाळा आणि गाणी घातली आणि नाव एक्स-टू झालं. ज्वाळा नसत्या तरी चाललं असतं असं माझं मत, पण तरुण मंडळींना आवडतात.

अमेय, पासाडेना:

काका भारी! पण ज्या दुसऱ्या जातीबद्दल बोललात ती पण इथेच होती की. ग्रीन लँटर्न, 2011 ला आलेली. त्यात सीटला रूळबीळ काही नाही, आकाशपाळण्यातल्या पाळण्यासारखी नुसती लोंबकळत ठेवलेली, फरक एवढाच की ही पूर्ण उलटी होऊ शकायची. कोण कुठे बसलंय आणि कोणाचं वजन किती त्याच्यावर सगळं, मी शाळेत असताना बाबांबरोबर बसलो तेव्हा एकदा दोन कोलांट्या झाल्या आणि पुढच्या वेळी चुलतभाऊ शेजारी होता तर जेमतेम झोका मिळाला, दोघं फार वैतागलो. ती इंटामिन कंपनीची होती, तिची भावंडं हेलसिंकीला आणि स्टॉकहोमला उभी राहिली. आपल्याकडची 2017 पासून बंदच होती, नंतर उचलून मॉन्ट्रियलच्या पार्कात बसवणार म्हणून जाहीर झालं पण ती तिथे सुरू झालीच नाही. तर मुग्धाताई, "थांबलीच नाही तर" वाली राइड आता इथे नाहीये, टेन्शन खल्लास.

नेहा, टॉरन्स:

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला होतो तेव्हा सगळे ग्रेट अॅडव्हेंचर पार्कला जायचे, तिथे जोकर आहे 2016 ची, तीपण फिरत्या सीटचीच. पहिली सॅन अँटोनियोला आली 2015 मध्ये, बॅटमॅन नावाची. सरळसोट 120 फूट वर नेते, मग रूळ एकाखाली एक घड्या घातल्यासारखे. तिथे चुंबक असतात असं कळलं होतं, ते नक्की काय करतात श्रीरंगकाका? माझ्या नवऱ्याचा वेगळाच मुद्दा आहे, त्याला खोपोलीच्या इमॅजिका पार्कातली नायट्रो कोस्टर पुरते म्हणतो, पाय लोंबतात पण बूड जागच्या जागी राहतं 😄

श्रीरंग, व्हॅलेन्सिया:

नेहा, छान विचारलंस. ती दोन्हीच्या मधली जात आहे. सीट मोकळीच, पण रुळालगत ठराविक जागी चुंबक लावलेत, तिथून जाताना सीट न शिवताच तिला उलटायला धक्का मिळतो. त्यामुळे अमेयच्या राइडसारखं अगदीच नशिबावर नाही, तरी वजनाचा फरक पडतोच. वेगही फार नाही, ताशी 38 मैल, म्हणजे एक्स-टूच्या बरोबर निम्मा. आणि गंमत म्हणजे ती बनवणारी युटाहची एस अँड एस कंपनी, जिने बुडालेल्या अॅरोची मालमत्ता घेतली. चार रुळांची कोस्टर पण तिनेच पुढे नेली, जपानात फुजी-क्यू हायलँडला 2006 मध्ये ईजानाइका, 76 मीटर उंच आणि ताशी 126 किलोमीटर, मग चीनमध्ये चांगचौला 2012 मध्ये दिनोकोंडा. एवढीच गं तीन भावंडं, महागडं प्रकरण आहे. शिल्के नंतर लाकडी कोस्टरना पोलादी रूळ बसवायच्या कामात शिरले, आपल्या पार्कातली ट्विस्टेड कोलोसस त्यांच्याच हातची.

मुग्धा, खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतो, सीट फिरण्याची काळजी सोड आणि मानेची कर. माणसं रुळाच्या बाहेर पंखावर बसलेली असतात, मध्यापासून लांब, त्यामुळे रुळातला बारीकसा हादरा पण टोकाच्या सीटवर मोठा होऊन पोचतो. मुलाला आतल्या सीटवर बसव, डोकं मागे टेकवून ठेवायला सांग आणि वाकून खाली बघू नकोस म्हणावं. ज्यांना मानेचा, पाठीचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी खालूनच बघावी, मी पण आता खालीच असतो.

मुग्धा, अर्वाइन:

काका, थँक यू, चार रुळांचं मुलाला वाचून दाखवलं तर आता त्याला बसण्याआधी खाली उभं राहून रूळ बघायचेत, म्हणजे रांग डबल. बसू देईन. मी शेजारी बसायचं का ते अजून ठरत नाहीये.

अमेय, पासाडेना:

ताई बसाच! फक्त रांग सकाळी गेट उघडल्या उघडल्या धरा. एका गाडीत 28 माणसं, प्रत्येकाचे पट्टे तपासतात, दुपारी रांग हलत नाही. आणि वडे नंतर, प्लीज.

पिकनिक समिती:

वड्यांचं ठरलंय, बाहेरचं खाणं पार्कात नेता येत नाही म्हणून संध्याकाळी जवळच्या बागेत जमायचं, पत्ता वेगळ्या मेलमध्ये. एक्स-टूला येणाऱ्यांनी ह्याच मेलवर नावं द्या. खिशात काही ठेवायचं नाही, चष्म्याला दोरी आणि पायात बूट. श्रीरंगकाका, तुम्ही खाली असणारच आहात तर सगळ्यांच्या पिशव्या तुमच्याकडे दिल्या तर चालेल ना?