सड्याला नॅशनल पार्क करावं का?

कातळवेडा:
श्रावणात राजापूरकडे गावी जाऊन आलो. वाडीच्या डोक्यावरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, ओळखू येईना. कातळात सुरुंग लावून ओळीने खड्डे पाडलेत, डंपरने माती आणून भरलीय आणि हापूसची कलमं लावलीत. गेल्या वर्षी त्याच जागी गुडघे टेकून सीतेची आसवं आणि दवबिंदू ही रानफुलं बघितली होती. दीपकाडी तर कोकणाबाहेर फारशी कुठे मिळत नाही. बरं, नुसती फुलंच नाहीत. कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटरचा आहे. तो, बारसू, देवाचे गोठणे, रुंढ्ये तळी ही सगळी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आणि सातबारावर काय लिहिलंय? पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी!
माझं मत सरळ आहे. दोन-चार मोठे सडे निवडा आणि राष्ट्रीय उद्यान जाहीर करा. वाघ असला तरच उद्यान, असं थोडंच आहे? अख्ख्या कोकणात एकही नॅशनल पार्क नाही.

सातबारावाला:
शेवटचं वाक्य चुकलं. बोरिवलीचं उद्यान कोकण विभागातच येतं आणि चांदोलीची कड रत्नागिरी जिल्ह्याला लागते. असो. १९७२ चा वन्यजीव कायदा वाचलायत का? राष्ट्रीय उद्यानात खासगी हक्क शिल्लक राहत नाहीत, सरकारला जमीन संपादित करावी लागते. आपले सडे बहुतेक खासगी, त्यातही सामाईक. नोटिसा वाटता वाटता तलाठी रिटायर होईल.

घाटीखालची वाडी:
कातळवेडा दादा, तुम्ही श्रावणात चार दिवस आलात. आमची गुरं भात लावल्यापासून कापणी होईपर्यंत सड्यावरच असतात, कारण खाली शेतात पाय ठेवायला जागा नसते. राष्ट्रीय उद्यानात चराई पूर्ण बंद. अभयारण्यात निदान काही हक्क चालू ठेवता येतात, इथे तेही नाही. मग गुरं काय पडवीत बांधून पेपर खायला घालू? सडा इतकी वर्षं मोकळा राहिला तो आमच्या गुरांमुळे आणि गवत कापण्यामुळे. सुरुंग लावणारे आम्ही नव्हे.

चिरेबंदी:
माझ्या वडिलांची चिरेखाण आहे, तेव्हा शिव्या मलाच पडणार, हे धरून लिहितो. दादा, तुमचं गावचं घर कशाचं आहे? चिऱ्याचंच ना? गडगा? विहिरीचा काठ? हजारो वर्षांची शिल्पं जरूर राखा, त्यांच्याभोवती कुंपण घाला, आम्ही दगड फुकट देऊ. पण अख्खा सडा बंद केलात तर तालुक्यातल्या पोरांनी करायचं काय? रिसॉर्टवर वेटर?

कातळवेडा:
चिरेबंदी, घर चिऱ्याचं आहे, मान्य. पण ते आजोबांनी हाताने काढलेल्या चिऱ्याचं. आता मशीन लावून तुम्ही एका हंगामात किती खाली जाता? सड्याचा जांभा दगड पावसाचं पाणी पितो आणि पायथ्याला झरा करून सोडतो. कापलेल्या कातळातून झरा कुठून येणार?

चिरेबंदी:
पाण्याचं म्हणाल तर तिथे मी गप्प. आमच्याच खाणीखालची बाव पूर्वी मेपर्यंत पुरायची, आता होळीला तळ दिसतो. वडील म्हणतात, पाऊस कमी झाला.

मालवणचो पागी:
उद्यान नको रे बाबानु. आमच्या मालवणात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाला, २९ चौरस किलोमीटर. प्रवाळ वाचवूक होया, ह्या आमका पण कळता. पण रापणीचा जाळा ओढणाऱ्याक कोणी इचारूक नाय, म्हणान अजून त्या नावाचो राग आसा. आणि त्याच पाण्यात पर्यटकांच्या बोटी फिरतत. कागदार राखलेला आणि खरा राखलेला, ह्येत लय फरक आसा. पयली लोकांका इचारा, मगे काय ता ठरवा.

कातळवेडा:
पागीकाका, विचारायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण विचारत बसलो तोवर कलमं फळाला येतील. कडक कायदा नको म्हणणाऱ्या कुणीही अजून सुरुंग कसा थांबवायचा ते सांगितलेलं नाही.

सातबारावाला:
मी सांगतो. २००२ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात कम्युनिटी रिझर्व्ह आलं. जमीन मालकाचीच राहते, गावाची समिती कारभार बघते, आणि समितीचा ठराव व राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणजे सुरुंगही नाही आणि खाणही नाही. गुरांचं काय ते समितीने ठरवायचं. अगदी छोट्या जागेसाठी जैवविविधता कायदाही आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी एका माशासाठी २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ झालं. तिथे वाघ नाही हो, बोटभर मासा आहे! कातळवेडा, वाघाशिवायही होतं हा तुमचा मुद्दा बरोबर होता, फक्त कायद्याचं कलम चुकीचं धरलंत.

घाटीखालची वाडी:
हे चालेल. पण मालकांनी स्वतःहून जमीन द्यायला हवी ना? आमच्या सड्याचे निम्मे हिस्सेदार मुंबईत. बागायतदाराला सही द्यायला हेच लोक रातराणी पकडून बरोबर हजर होतात. सडा राखायला सही मागा, मग बघा कोणाकोणाला रजा मिळत नाही ते. दादा, तुमच्याच घरापासून सुरुवात करा.

कातळवेडा:
टोला बसला, ताई. काल सातबारा ऑनलाइन काढला. ५३ नावं आहेत. त्यातली अकरा वारलेल्यांची, वारसनोंद कुणी केलीच नाही. आणि सुरुंग लावून घेतलेल्या तुकड्याच्या कागदावर सख्ख्या चुलत्यांची सही आहे. गणपतीला सगळे येतील, तेव्हा आरतीनंतर विषय काढतो.

मालवणचो पागी:
आरतीनंतर नको. जेवल्यावर काढ.