प्रवासात लिहिण्यासाठी हलका लॅपटॉप कोणता घ्यावा?

पायविहीर: निवृत्तीनंतर विदर्भातील जुन्या पायविहिरींवर लेखन करीत आहे. त्यासाठी नागपूरहून रामटेक, सेवाग्राम अशा फेऱ्या होतात आणि टिपणे कधी एसटीत, तर कधी देवळाच्या ओट्यावर बसून लिहावी लागतात. सध्याचा १५.६ इंची लॅपटॉप सव्वादोन किलोचा असून वर चार्जरचे ओझे वेगळेच. मला केवळ मराठीत लिहायचे आहे. टॅबला कीबोर्ड जोडून भागेल का? मर्यादा तीस हजारांची.

धंतोलीकर: टॅबचा प्रयोग मी करून चुकलो आहे. टॅब अर्ध्या किलोचा असला, तरी कीबोर्डचे कव्हर लावल्यावर वजन किलोच्या आसपास जाते, आणि मागच्या टेकूवर उभा राहणारा पडदा टेबलावर शोभतो. एसटीत मांडीवर तो कोलमडतो. त्यापेक्षा वापरलेला थिंकपॅड एक्स २८० हा लेनोव्होचा छोटा लॅपटॉप पाहावा. पडदा १२.५ इंची, वजन साधारण सव्वा किलो, आणि टाइप-सी चार्जिंग असल्यामुळे एकाच छोट्या चार्जरवर फोनही भागतो. दुकानदार एक्स २७० स्वस्तात पुढे करील, पण त्यातील प्रोसेसर सातव्या पिढीपर्यंतचे असल्याने तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एक्स २८० मध्येही प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याची खात्री करावी. त्याची रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, म्हणून ८ जीबीचाच घ्यावा.

उन्हाळी: वरील सल्ला योग्य आहे, मात्र बॅटरीचा उल्लेख राहिला. या यंत्राची बॅटरी नवी असताना ४८ वॉट-तासांची असते. वापरलेल्या यंत्रात ती किती उरली आहे, हे विंडोजच्या बॅटरी अहवालातील मूळ आणि सध्याची क्षमता ताडून पाहिल्यावरच कळते. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद मोटारीत त्याहून कितीतरी वर. तिथे लॅपटॉप ठेवून दर्शनाला गेलात, तर लिथियम बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. ओट्यावर बसणार असाल, तर पडदा चकचकीत नको.

पायविहीर: दोघांचेही आभार. मी टंकलेखन मराठी टंकयंत्रावर, रेमिंग्टन पद्धतीने शिकले आहे. ते चालेल का?

धंतोलीकर: त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागेल. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड आयताच मिळतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी आहे. बोटांची जुनी सवय मोडायला मला महिनाभर लागला, परंतु आता लिनक्सवरही तीच मांडणी वापरतो. रेमिंग्टनचे सॉफ्टवेअर वापरायचेच असेल, तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात लिहिते ना, एवढे पाहावे. अन्यथा संपादकांकडे मजकुराची अक्षरे विस्कटून पोहोचतात.

पायविहीर: रविवारी सीताबर्डीत जाते. दुकानात यंत्र मांडीवर घेऊन एक पूर्ण परिच्छेद टंकून पाहीन आणि बॅटरीचा अहवाल काढून मगच पैसे देईन.