पॉइन्सेटिया लाल का होत नाही

गेल्या नाताळात नर्सरीतून आणलेला पॉइन्सेटिया (नाताळात लाल पानांनी सजणारं ते झाड) यंदा हिरवाच राहिला, तर खत वाढवा, असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. त्याने पानं वाढतील, रंग येणार नाही. रंगाचं गणित अंधाराशी आहे. रात्र बारा तासांहून मोठी झाली आणि तो अंधार रोज सलग मिळाला, की साधारण दोन महिन्यांत वरची पानं लाल होतात. (खरी फुलं म्हणजे मधले ते पिवळे ठिपके.) आपल्याकडे ऑक्टोबरपासून रात्र आपोआपच तेवढी होते, त्यामुळे खेड्यात कुंपणाला लावलेली झाडं काही न करता डिसेंबरात लालबुंद दिसतात. शहरात गॅलरीतला बल्ब किंवा रस्त्यावरचा दिवा आडवा येतो. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या दिव्याकडची बाजू हिरवी आणि भिंतीकडची लाल, असं एकच झाड आहे!

दिवा बंद करता येत नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरभर संध्याकाळी पाच ते सकाळी आठ कुंडीवर खोका उपडा घाला, दिवसा मात्र भरपूर ऊन द्या. मध्ये खाडा नको. यंदा झाड हिरवं राहिलंच असेल तर टाकू नका, प्लीज. मार्चमध्ये छाटणी करा. चीक अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते. थंडीत पाणी बेतानेच, वरची माती सुकल्यावर आणि सकाळीच. पाणी साचून मुळं कुजली तर मग काहीच करता येत नाही.